एकशे अडतीस काडतुसांचा निकाल

मी, आर्डिथ हाल्वर्सन, वय वर्षे त्र्याऐंशी, कै. लाइल हाल्वर्सन यांची पत्नी, राहणार टॅमरॅक फोर्क, मोंटाना, हे पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके डॉक्टरांनी तपासून ठीक ठरवले आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर व मागचे कुरण मुलगा ऑरिन यास. फ्रीजरमधले एल्क हरणाचे मांसही त्याचेच, पण त्याने ते वाटून खावे.

कलम २. हकलबेरीच्या रानफळांचे गोड 'पाय' भाजायचे तिन्ही साचे सून जोनेल हिला. ती साखर जास्त घालते, पण आता मी बोलायला असणार नाही.

कलम ३. काडतुसे भरण्याचे बाक, प्रेस, तराजू व माझ्या अकरा वह्या नात मॅरेन हिला, एका अटीवर. बार काढल्यावर प्रत्येक रिकामी पुंगळी उचलून तिचे बूड बघायचे. बुडातल्या टोपीच्या, म्हणजे बंदुकीची दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीच्या, गोल कडा दबून सपाट झाल्या असतील, बुडावर चकाकता ठसा उमटला असेल किंवा रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उचलताना अडत असेल, तर दाब जास्त झाला समजून तिथेच थांबायचे. पुस्तकातले दारूचे कमाल माप अजून दूर असले तरी थांबायचे. आणि खूण दिसली नाही म्हणून बेफिकीर व्हायचे नाही.

ही अट कुठून आली, ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

१९८७च्या जुलैत गावच्या नेमबाजीसाठी माझा दीर व्हर्न याने घरातल्या सगळ्यांची काडतुसे भरली होती. दारूचे माप त्याने नोव्हेंबरात, बर्फात उभे राहून ठरवले होते. आता त्याच काडतुसांची पेटी सकाळपासून पिकअपच्या काचेमागे उन्हात तापत पडलेली. तापलेल्या दारूचा दाब वाढतो हे त्याला माहीत होते, पण आपल्या मापाबद्दल त्याला फार खात्री होती. त्याने दोन बार काढले. दुसऱ्या वेळी बोल्ट उघडायला त्याला तळहाताने ठोसा मारावा लागला. मी पुंगळी उचलून पाहिली. टोपी पार सपाट झाली होती. पुढचा नंबर माझ्या ऑरिनचा होता. तो एकोणीस वर्षांचा होता आणि रायफल त्याने गालाशी टेकवली होती.

मी त्याच्या हातून रायफल घेतली आणि पेटी उचलली.

"वहिनी, बंदूक आहे ती, पायचा साचा नाही," व्हर्न म्हणाला. "भीती वाटत असेल तर घरी जा."

"जाते की, भावजी. पण पेटी माझ्याबरोबर येणार."

सगळे हसले. लाइलही हसला, ते मला जास्त लागले. घरी येऊन मी एकशे अडतीस काडतुसे एकेक करून उकलली, गोळी आणि दारू वेगळी केली. आठवडाभर नवरा माझ्याशी बोलला नाही, आणि बत्तीस वर्षे व्हर्न मला 'टोपी तपासनीस' म्हणत आला. दर थँक्सगिव्हिंगला, टर्की कापताना.

उडवलेली दोन धरूनही मोजणीत दोन काडतुसे कमी निघाली, हे मी तेव्हाच वहीत लिहिले होते.

गेल्या रविवारी व्हर्न घर आवरताना सापडलेली तीच जुनी रायफल घेऊन माझ्या दारात आला. दस्त्याचे लाकूड उभे चिरलेले, बोल्ट घट्ट बसलेला.

"ही तर तू विकली होतीस ना?" मी विचारले.

"नाही विकली. त्या दिवशी दोन काडतुसं खिशात ठेवली होती, वहिनी. दुसऱ्याच दिवशी एक उडवलं."

"आणि गालावरचा तो व्रण? कुंपणाच्या तारेचा?"

"कसली तार." त्याने चिरलेल्या लाकडावरून बोट फिरवले. "ऑरिनचा डोळा गेला असता गं."

मी त्याला कॉफी दिली, स्वतःही घेतली. खरे सांगते, इतकी चवदार कॉफी मी आयुष्यात प्यायले नाही.

कलम ४. १९८७ची ती सपाट टोपीची पुंगळी मी जपून ठेवली आहे. ती व्हर्नला देण्याची माझी इच्छा होती, परंतु ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, आणि साक्षीदार मला व्हर्नच हवा आहे. म्हणून पुंगळी मॅरेनला, बाकावर खिळ्याला टांगून ठेवण्यासाठी. व्हर्नला काहीही नाही.

ठिकाण: टॅमरॅक फोर्क. दिनांक ५ ऑक्टोबर २०१९.
सही: आर्डिथ हाल्वर्सन

साक्षीदार १: डेला प्रुइट, ग्रंथपाल. आर्डिथने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: व्हर्न हाल्वर्सन, दीर. माझ्यासमोर सही केली. कलम ३ मी दोनदा वाचले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि खिशातल्या दोनपैकी उरलेले काडतूस आज मी स्वतः तिच्या बाकावर उकलले.