चाळीस डाव्या बाह्या

ती. ताईस,

साष्टांगपैकी सात अंगांनी नमस्कार (डावा हात अजून डोक्यावर जात नाही). तुझे गुडघे, भावजींचा घसा आणि बाल्कनीतल्या कुंड्या ठीक असतील असं धरून चालते. मी उत्तम. कॅन्सर गेला, जाताना डावा स्तन घेऊन गेला, केस गेले ते परत आले. डोकं मात्र अजून रजेवर आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या औषधांनी असं होतं, हळूहळू सुधारेल. किती हळू तेही सांगितलं होतं, पण मी विसरले.

तर झालं असं. कारखान्यात शाळेच्या गणवेशाच्या चाळीस शर्टांचं काम आलं. कापडाचे थर तोंडाला तोंड (सुलटीला सुलट) लावून रचायचे, म्हणजे एका कापात डावी-उजवी जोडी निघते, हे मी वीस वर्षं झोपेतसुद्धा करत आले (आमचे हे साक्षीला आहेत, एकदा चादर थोडक्यात वाचली). परवा मी सगळे थर एकाच तोंडाने रचले आणि मोठ्या झोकात कापले. ऐंशी बाह्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या! शिलाईवाल्या बायकांनी मशिनी थांबवल्या. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. एरवी माझ्या टकलालाही हसल्या होत्या मेल्या. मालक ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते हळूच म्हणाले, "बाई, बटणांच्या टेबलावर बसता का? आराम मिळेल." अगं, ऑपरेशनला घाबरले नाही एवढी त्या बटणांना घाबरले. कात्री गेली तर मी उरते किती? शेवटी भांडून सोमवार मिळवला. साठ शर्ट, एकटीने, आणि चुकले तर कात्री खाली ठेवायची.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. सोमवारी दहाला ये. माप द्यायला आल्यासारखी माझ्या टेबलासमोर बस आणि कापड तोंडाला तोंड नसलं की खोक, लहानपणी पत्ते खेळताना मला खोकून सांगायचीस तशी. नाही म्हणू नकोस, ताई. मला खरंच भीती वाटते.

आणखी ता. क. जास्तीच्या चाळीस बाह्या मालकांनी फेकायला सांगितल्या. त्यातली एक गुंडाळून मी ब्लाउजमध्ये आतून डावीकडे भरली. हॉस्पिटलने भरायला दिलेल्या कापसाच्या गोळ्यापेक्षा झकास बसते. उरलेल्या एकोणचाळीस जन्मभर पुरतील, आणि जन्म चांगला लांबलचक काढायचा विचार आहे.