कुंग नावाच्या दोघी

नोंगखाय, नावघाट
७ जानेवारी, बुद्धसंवत २५११

चि. विचियन यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

सकोन नखोनहून टाकलेलं तुझं पत्र पोचलं. औषधवाल्यांची सिनेमागाडी तुला कुठे कुठे फिरवते देव जाणे. नायक, नायिका, खलनायक, म्हातारी आणि कुत्रा, सगळ्यांचे आवाज एकट्यानं काढायचे आणि मधल्या वेळात ताकदीच्या औषधाचे गुण गायचे, म्हणजे घशाचं काय होत असेल? आल्याचं पाणी पीत जा. ते ताकदीचं औषध मात्र चुकूनही पिऊ नकोस.

माझं नूडल्सचं दुकान बरं चाललंय. थंडी असल्यामुळे घाटावर उतरणारा प्रत्येक जण गरम वाडगा मागतो. आता तुझ्या लाडक्या लेकीबद्दल. अम्फाय गेल्याला दोन वर्षं झाली, पोर आईची आठवण काढत नाही, पण घरात एकही वस्तू गप्प बसू देत नाही. रेडा बोलतो, किटली कुरकुरते, मठातलं मांजर भिक्खूंच्या भिक्षेला नावं ठेवतं. नऊ वर्षांची घोडी झाली तरी सगळ्यांना आवाज देत सुटते. खाण तशी माती, दुसरं काय!

परवा तर तिनं कहर केला. पावसाळा संपल्यावर घाटावर एक मुका छत्रीवाला येऊन बसलाय. गरीब माणूस. खुणांनी भाव ठरवतो, मान खाली घालून काड्या बसवतो. ही म्हणते, आत्या, तो बोलतो, उघड्या छत्रीत डोकं खुपसून नदीपलीकडून येणाऱ्या नावाड्याशी बोलतो. मी म्हटलं, भवाने, मुक्या माणसाला तरी सोड, तो काय तुझी किटली आहे? घाटावर नेऊन माफी मागायला लावणार होते, पण ती रांजणामागे लपली ती हललीच नाही. लामदुआन बर्फवाली पोट धरून हसत होती. तिची पोरही आपल्या पोरीसारखी कुंगच, म्हणजे कोळंबी, आणि हिच्याच वर्गात. भुताखेतांना खरं नाव कळू नये म्हणून आपण पोरांना कोळंबी, बेडूक, उंदीर म्हणतो खरं, पण हाक मारावी एकीला तर दोघी धावत येतात. तुझ्या लेकीचं चन्तना हे नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलंय.

तिला चार शब्द कडक लिही. माझं ऐकत नाही.

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझी ताई,
बुआलाय

———

नोंगखाय
११ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न.

हे पत्र मी शाळेतून टाकते आहे. आत्याला कळवू नका. ती मला खोटारडी म्हणते.

बाबा, छत्रीवाला खरंच बोलतो. हा आवाज मी दिलेला नाही. माझे आवाज मला ओळखू येतात. घाटाच्या पायऱ्यांखाली बर्फ झाकायच्या भुशाची पोती असतात, त्यांच्यामागे मी आणि बर्फवालीची कुंग लपाछपी खेळतो. मी तिथे होते. तो नावाड्याला म्हणाला, आज सोळा गेली, तेरा आली. मला वाटलं बदकं. मग दुसऱ्या दिवशी मी विमानं मोजली. सकाळी नदीवरून बारा गेली आणि संध्याकाळी बारा परत आली. आणि तो छत्रीत म्हणाला, बारा गेली, बारा आली.

त्याचा आवाज तुमच्या खलनायकासारखा घोगरा नाही. आमच्या वाचनाच्या गुरुजींसारखा आहे, गोड. मला त्याचीच भीती वाटते. मी होते हे त्याला माहीत नाही. तुम्ही या आणि एकदा ऐका. तुम्हाला आवाजातलं कळतं.

तुमची,
कुंग

———

उडोन
२३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पाठोपाठ आमच्या हेरखात्याचं गुप्त पत्र, दोन्ही मिळाली. मी हसून हसून बेजार झालो. ताई, रागावू नकोस. पोरीचं डोकं काय चालतं बघ! छत्रीत डोकं घालून बोलणारा मुका! असली कल्पना आमच्या सिनेमावाल्यांना शंभर वर्षांत सुचायची नाही.

गंमत सांगतो. इथं उडोनला परवा प्रचंड गर्दी झाली होती. लढाऊ विमानांच्या तळावरच्या गोऱ्या सैनिकांकडे काम करणारे झाडून सगळे आलेले. चित्रपटही हेरगिरीचाच होता आणि त्यात एक मुका माळी होता. मूळ चित्रपटात तो नुसता उभा राहतो. मी म्हटलं, उभा का राहील? दिला त्याला आवाज! गुरुजींसारख्या गोड सुरात म्हणालो, आज सोळा गेली, तेरा आली. आणि वर जोडलं की मंडळी, हे वाक्य माझं नाही, नोंगखायच्या नावघाटावरचा मुका छत्रीवाला असं बोलतो म्हणे, माझ्या कुंगनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. लोक असे हसले की पुढची दोन वाक्यं वाहून गेली. गावोगावची नावं घुसडल्याशिवाय आमच्या खेळाला रंग चढत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

खेळ संपल्यावर एक सभ्य गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. औषधाच्या चार बाटल्या घेतल्या. पोरीचं फार कौतुक केलं. केवढी आहे, कुठं राहते, सगळं आपुलकीनं विचारलं. मी म्हटलं, घाटावर जाऊन कुंग म्हणून कुणालाही विचारा. लहान मापाची एक छत्री तिला बक्षीस पाठवीन म्हणाले. बघ, हुशारीची कदर करणारी माणसं आहेत अजून.

तिला माझ्या वतीनं रागाव, पण हळूच.

तुझ्या सावलीतला,
विचियन

———

नोंगखाय
२ फेब्रुवारी

विचियन,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायला हात वळत नाही. तुझं पत्र वाचून आधी मी तुला लाख शिव्या दिल्या. मग जे झालं ते आता नीट वाच.

परवा दुपारी मी रस्सा गाळत होते. छत्रीवाला दुकानाच्या बाकावर पाठमोरा बसला होता. माझा हात निसटला आणि उकळता रस्सा त्याच्या पायावर सांडला. मुका माणूस ओरडला असता तर मी समजले असते. पण हा शब्दांत ओरडला, दिसत नाही का गं तुला? स्वच्छ, शिकलेल्या माणसाच्या बोलीत. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानं हळूच तोंडाशी हात नेला आणि पुन्हा मुक्यासारखी खूण केली. मी मान हलवली, जणू काही ऐकलंच नाही.

पोर खरं बोलत होती रे. आणि मी तिला खोटारडी म्हणत होते.

चौकीत गेले. तिथला हवालदार म्हणाला, मावशी, मुक्याला वाचा फुटली म्हणजे तुमच्या रश्श्यात गुण आहे, एक वाडगा आमच्याकडेही पाठवा. सगळे खो खो हसले. कुणाची पोर म्हणे? सिनेमात आवाज देणाऱ्याची? मग विचारायलाच नको.

आणि कालपासून पलीकडचा तो नावाडी घाटावर पोरींना विचारत फिरतोय, तुमच्यातली कुंग कोण. त्याच्या बगलेत एक लाल छत्री आहे, लहान मापाची. मी पोरीला शाळेत पाठवलेलं नाही. ती रांजणामागे बसून असते, अंथरूण ओलं करते. मिळेल त्या गाडीनं ये आणि तिला घेऊन जा. खेळ गेला खड्ड्यात.

वाट बघते,
ताई

———

सरकारी रुग्णालय, नखोन पनोम
९ फेब्रुवारी

ती. ताईस,

इथल्या परिचारिकेकडून हे लिहून घेतोय. मलेरियानं आठवडाभर आडवा पडलोय, उठलो की भिंत फिरते. तुझं पत्र मागच्या गावाहून आज आलं. ताई, तो माणूस मीच धाडला. भोंग्यावरून ओरडून पत्ता मीच दिला. तिनं मला विश्वासानं लिहिलं आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या. स्वतःची जीभ कापून टाकावीशी वाटते.

एक कर. आजपासून घरात कुंग हे नाव घेऊ नकोस. चन्तना म्हण, पाटीवर चन्तना लिही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तेच सांग. मी तिथं फक्त कुंग म्हटलं होतं, खरं नाव त्यांना ठाऊक नाही. कुणी विचारलं तर बिनधास्त सांग, या घरात कुंग नावाची कुणी नाही. ते खोटंही होणार नाही.

ताप उतरला की पहिल्या गाडीनं निघतो. तोवर पोर तुझ्या पदरात आहे.

विचियन

———

नोंगखाय
२१ फेब्रुवारी

चि. विचियन यास,

तुझी लेक सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला तुझा जीव थाऱ्यावर राहील.

तू कळवलंस तसंच केलं. मधे नावाडी दिसेनासा झाला होता, तेरा तारखेला सकाळी तो दुकानाशी आला. गोड बोलत होता. पोरीच्या बापाची आणि एका भल्या गृहस्थाची ओळख आहे म्हणाला, बक्षीस द्यायचं आहे, कुंग इथंच राहते ना. पोर माझ्या पाठीशी उभी होती. मी म्हटलं, नाही बाबा, ही चन्तना, या घरात कुंग नावाची कुणी नाही. हवं तर शाळेत हजेरी बघ. त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं, मान हलवली आणि निघाला.

विचियन, मी खोटं बोलले नाही. बोट दाखवलं नाही. पण तो वळून बर्फाच्या दुकानाकडे चालू लागला तेव्हा मला कळलं होतं. मला कळलं होतं रे. लामदुआन आत करवतीनं बर्फ कापत होती, त्या आवाजात तिला काही ऐकू जात नसणार. मी एक हाक मारायची होती. मी खाली मान घालून कोथिंबीर चिरत बसले. आपली वाचली, एवढंच डोक्यात होतं. मग तिच्या पोरीचा आवाज ऐकला. मी कुंग, मीच कुंग, असं उड्या मारत सांगत होती. लाल छत्री कुणाला नको असते?

त्यानंतर तिला कुणी पाहिलेलं नाही. छत्रीवालाही त्या दिवसापासून नाही, नावाडी आणि त्याची होडीही नाही. चौथ्या दिवशी खालच्या वळणावर बांबूच्या बेटात ती छत्री अडकलेली सापडली. उघडी होती, एक काडीही मोडली नव्हती. आता चौकीतले लोक येऊन बसतात, चन्तनाला सोळा आणि तेरा पुन्हा पुन्हा विचारतात, वहीत लिहून घेतात. तो हवालदार माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मीही कुणाच्या देत नाही.

लामदुआन म्हणते, पोर मेलेली नाही, घाबरून तिचा जीव पाण्याकाठी सांडलाय, तो भरून आणायचा. रोज दिवे लागायच्या वेळी ती मासे धरायची झोळी आणि केळीच्या पानावर चिकट भाताचा गोळा नि अंडं घेऊन पायऱ्यांवर उतरते. पाण्यावरून झोळी फिरवते आणि हाका मारते, ये गं कुंग, घरी ये, भात निवतोय, ये. तुला रीत ठाऊक आहे, झोळी उंबऱ्यात आणली की घरातल्या कुणीतरी ‘आले’ म्हणून ओ द्यायची असते. तिच्या घरात आहे कोण ओ द्यायला? नवरा केव्हाच बँकॉकला गेला तो गेला. ती रिकाम्या दारात झोळी धरून उभी राहते आणि मग आत जाते.

तेरा तारखेपासून तुझ्या लेकीच्या तोंडून चौकीवाल्यांना सांगितलेल्या आकड्यांखेरीज शब्द नव्हता. किटली गप्प, मांजर गप्प. परवा लामदुआन अशीच दारात उभी होती. आमच्या खिडकीची झडप लावलेली होती. झडपेमागून आवाज आला, आले गं आई, आले. विचियन, तो आवाज त्या पोरीचा होता. तीच किंचित चिरकी ओढ, तोच धावत आल्यासारखा दम. लामदुआनच्या हातातली झोळी पडली, ती धावत आली आणि दार बडवू लागली. मी चन्तनाच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा दिली. मग दार उघडलं आणि लामदुआनच्या पायांवर पडायला वाकले. सगळं सांगणार होते, त्या सकाळचं, कोथिंबिरीचं. तिनं मला बोलू दिलं नाही. आत येऊन पोरीसमोर बसली, लाल झालेल्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, बुआलाय, हिला मारू नकोस. उद्याही तेवढंच एकदा म्हणायला सांग.

काल पुन्हा हाका आल्या. चन्तनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मला दुसरं काय येतं आता? आजही ती वेळ होत आली आहे, तोवर हे लिहून पुरं करते. लामदुआनला अजून काही सांगितलेलं नाही. तू आलास की दोघं मिळून सांगू. की सांगायचं नाही, तेही तूच ठरव. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं तुझंच काम आहे.

नेहमीसारखं शेवटी पोरीला विचारलं, बाबांना कुंगचा नमस्कार लिहू का. तिनं मान हलवली. म्हणाली, लिहू नकोस. कुंग घरी नाही.

लोभ असू दे, असं लिहायचा हक्क आपल्या दोघांना उरला असेल, तर असू दे.

तुझी ताई,
बुआलाय