पणजोबांचे काळे हात

म्हैसूर, शुक्रवार संध्याकाळ

प्रदर्शनवाल्यांनी फोटोतले पणजोबांचे हात पुसून टाकले, म्हणून लिहायला बसले. संताप उतरत नाही.

कॉलेजच्या इतिहासाचे प्रदर्शन उद्या उघडणार. एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांच्या फोटोत पणजोबा पुढच्या रांगेत आहेत, हात मांडीवर. घरी रंगारीकाम, पहाटे लाल रंगात लुगडी बुडवायची आणि मग वर्ग गाठायचा. त्या काळच्या फोटोत लाल रंग काळा उतरे, म्हणून हात मनगटापर्यंत काळे. आज भिंतीवरच्या मोठ्या छपाईत पाहते तर गोरे, लुसलुशीत!

"अय्यो मावशी, डाग होते. स्वल्प क्लीन केलं," मांडणी करणारा किरण म्हणाला. हाही रंगाऱ्याच्याच घरातला!

"डाग? अरे, त्या हातांनी शिकले ते!"

"बाकीच्यांचे हात कसे नीट दिसतात, म्हणून..."

नीट! बाकीच्यांना पहाटे काम नव्हते. मी फार बोलले का? बोलले. हात पुसल्यावर त्या फोटोत पणजोबांचे उरले काय?

छपाई उतरवून घेतली.

तिच्या जागी लावायला कॉलेजला दिला: घरातला मूळ फोटो, चौकटीसकट. पावतीवर त्याने सही केली, 'किरण आर.' आर म्हणजे काय ते पूर्ण लिही, म्हटले. लिहिले त्याने: रंगारी.