स्टेशनात अडलेली गाडी

प्रिय अहो,

हयात असतात तर समोर उभं करून विचारलं असतं. आता कागदावर विचारते: माझ्याशी लपवाछपवी, आणि तुमच्या मित्राला, जोगळेकरांना, सगळं ठाऊक?

तेराव्याला ते तुमच्या खोलीत शिरले. "वहिनी, जरा रेल्वे बघतो," म्हणाले आणि दार लावून घेतलं! प्लायवूडवरची खेळातली रेल्वे बघायला दार कशाला लावायचं? रविवारी मी गाडी सोडली, तर ती स्टेशनात येऊन ठप्प. आधी कधी थांबली होती का? वाटलं, जोगळेकरांनी चांगलं इंजिन लांबवून दुसरं ठेवलं.

सिस्टरांनी कॉन्व्हेंट शाळेत शिकवलं होतं, बोट दाखवण्याआधी स्वतः तपासा. तपासलं. तुम्ही घासायचात तसे खोडरबराने रूळ घासले, चाकं स्पिरिटने पुसली. उन्हाळ्यात रूळ फुगतात म्हणून जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडायचात, त्या फटी पाहिल्या. स्टेशनाआधीच्या फटीत प्लॅस्टिकचा तुकडा! पुढे वीज जाणारच कशी?

जोगळेकरांना बोलावलं. "हे कोणी घातलं?"

"त्यांनीच, वहिनी."

"गेलेल्या माणसावर ढकलताय? लाज नाही वाटत?"

"गुरुवारपर्यंत थांबा. त्यांनी शपथ घातलीय."

"माणूसच गेला, आता शपथ कसली?"

"म्हणून तर मोडवत नाही."

मी त्यांना चहाही विचारला नाही.

तुमची ही खोड जुनीच. पंच्याण्णव साली नाशिक रोडच्या या घरात पहिलं प्लायवूड आलं, आणि चहाचा चोथा नाहीसा होऊ लागला. वेलीवरची जून घोसाळी गायब! मी कामाला येणाऱ्या सखूबाईंवर आळ घेतला. तुम्ही मात्र चोथा वाळवून प्लायवूडवर शेतं केलीत, घोसाळ्याच्या जाळीची झाडं लावलीत, आणि गप्प राहिलात! तेव्हा तोंड उघडलं असतंत तर?

आज गुरुवार. माझा वाढदिवस. जोगळेकर आले, मला तुमच्या स्टुलावर बसवलं. "फळीखाली हात घाला." हाताला बटण लागलं. दाबलं, तर अडलेली गाडी निघाली! बटणाची शेवटची तार तुमच्याकडून जोडायची राहिली होती. तेराव्याला दार लावून त्यांनी ती जोडली. प्लॅस्टिकचा तुकडा गाडी स्टेशनात थांबावी म्हणूनच तुम्ही घातला होतात.

मग आठवलं, मीच एकदा टोमणा मारला होता: "एवढं स्टेशन बांधलंत, गाडी नुसती गरागरा फिरते. ती बाकावरची बाई चढणार कधी?" वाकून पाहिलं, तर फलाटावरच्या त्या इवल्या बाहुलीच्या, त्या बाईच्या नाकावर चष्मा रंगवलाय. माझ्या चष्म्यासारखा जाड. लबाड!

तुमच्या गुपितांपायी मी दोन भल्या माणसांना चोर ठरवलं. जोगळेकरांची माफी आजच मागितली, चहासकट. सखूबाईंकडे उद्या जाते.

आणि एक वचन. दर रविवारी रूळ घासून गाडी सोडीन. स्टेशनात थांबली की ती बाई नीट चढून बसेपर्यंत बटणाला हात लावणार नाही. तिला घाई चालत नाही, तुम्हाला माहीत आहे.

इंजिन तेच आहे ना, ते मात्र उलटं करून पाहणारच!

तुमची,
बाकावरची लीला