मीठ कोण चाखणार

तेलीबाग, लखनऊ
२४ मार्च २०२६

आबा, जय ख्रिस्त.

कबाबाच्या दुकानात उपासकाळ पाळता येत नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते एकदा दाखवाच मला. आईशी फोनवर बोलत असलो की तुम्ही मागून टोमणा मारता, "मटण कुटणाऱ्याला कसला आलाय उपास!" मी कुटतो, खात नाही. राखेच्या बुधवारी उपासकाळ लागला, तेव्हापासून तोंडाला लावलेलं नाही. खोटं वाटत असेल तर हे पत्र घेऊन आलेल्या चंद्रकांतकाकांना विचारा. आपल्या श्रीरामपूरचेच आहेत, इथे सरकारी नोकरीत. दुकानाच्या वर राहतात. पुतणीच्या लग्नाला गावी चाललेत.

त्या बुधवारी चर्चमधून कपाळावरच्या राखेच्या क्रुसासकट तसाच दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "भैया, माथे पे कालिख लगी है." मी पुसणार, तेवढ्यात आमचे उस्ताद इर्शादभाई म्हणाले, "पोंछना मत मियाँ. इनका रोज़ा शुरू हुआ है." दुसऱ्या दिवशी त्यांचाही रमजान लागला. यंदा दोघांचे उपास जोडीनंच आले.

आणि घोटाळा झाला. रोज पहिला कबाब तळून मीठ चाखायचं, मग बाकीचे लावायचे. उस्ताद चाखेनात, मी चाखेना. पहिल्याच शुक्रवारी मला वाटलं मीठ राहिलंय, मी घातलं. त्यांना वाटलं राहिलंय, त्यांनीही घातलं. पाच किलो खिमा! संध्याकाळी लोक थू थू करत परत आले. मी तर चपला शोधायला लागलो. पण उस्ताद हसत सुटले. "दो रोज़ेदार, और मारा गया बेचारा क़ीमा!" मग म्हणाले, "ग़ुस्सा करूँ तो मेरा रोज़ा किस काम का?"

आबा, हेच तुम्ही मला सांगत होता. मराठीत ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

तेव्हापासून मीठ चाखायला काका बसतात. म्हणतात, "तुमचे उपास, माझी चंगळ." माझी डाळ उस्ताद वेगळ्या पातेल्यात लावतात. रोजा सोडताना पहिला खजूर माझ्या हातावर ठेवायचे. ईद झाली, त्यांचा रोजा संपला, तरी माझ्यासमोर मटण खात नाहीत. इतकं कोण करतं परक्यासाठी?

आणि तुम्ही तर परके नव्हता.

मागच्या उपासकाळात शुक्रवारी मी मटण खाऊन आलो. तुम्ही दारात एवढंच म्हणालात, "मटणाचं राहू दे, जीभ तेवढी आवर." आई गावाला सांगते, आबा ओट्यावरून घसरले. तुम्हीही फादरांना तेच सांगितलंत. तुम्ही घसरला नव्हता. मी ढकललं. आणि तुमच्या उजव्या हाताचं प्लॅस्टर निघायच्या आत पळालो. वर्षभर तुम्ही दोघांनी माझं नाव झाकलंत. ते उपकार मला खजुरापेक्षा जड जातात.

क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला तुम्ही अजून डाव्या हातानं क्रूस धरता म्हणे. आई बोलली.

माफ करा, आबा. ईस्टरला येऊ का? हो की नाही, ते काकांजवळ सांगा. नाही म्हणालात तरी उपास मोडणार नाही.

दुपारच्या मटणाऐवजी उस्ताद मला रोज तीस रुपये देतात. उरलेल्या दिवसांचे त्यांनी आधीच दिले, म्हणजे शुभ शुक्रवारच्या आत पोचतील. आपल्या फळीवरच्या त्यागाच्या डब्यात टाका, गरिबांसाठी. पण तुम्हीच टाका, उजव्या हातानं. दुखला तर आईनं धरावा.

तुमचा,
अभय

सोबत चाळीस दिवसांचे, रुपये बाराशे.