हळू बाजा

२२ एप्रिल १९५८

आला! एकदाचा आला तो वाकडा बाजा! पितळी, गळ्यात अडकवायचा, खाली हुक्क्यासारखा वळलेला. सॅक्सोफोन म्हणतात. आमच्या बँडमास्तरांनी — म्हणजे ह्यांनी — बाजा सुरतेहून जुना आणला आणि वाजवणारा मोलगीकडच्या डोंगरातून. दिलवरसिंग. सुरतेच्या एका हॉटेलात भांडी घासायला गेला होता. तिथल्या गोव्याच्या वादकाने हाताशी धरून शिकवलं, भांडी सुटली. साहेबलोक जेवत, हा वाजवी. हॉटेल बंद पडलं, हा घरी परतला.

अंगणात वाजवून दाखवलं. बँडचा आवाज मला नवा नाही, वीस वर्षं त्याच्याशीच संसार केलाय! पण हे? कोणी बाई शेजारी बसून, मान जराशी वळवून, फक्त मलाच काहीतरी सांगतेय. सूर सुरू कधी झाला कळलं नाही, संपला कधी तेही नाही. भाकरी करपली. करपू दे!

२५ एप्रिल

तळोद्यातच पहिली वरात. चार ट्रंपेट, दोन ढोल, एक ताशा आणि त्यात दिलवरसिंग. फुगलेले गाल दिसले, बाकी काही नाही. हे घरात पाऊल टाकताच: "त्यानं काहीच ऐकू येस नही!" वैशाखाचे मुहूर्त संपले की त्याला काढणार. विसरवाडीहून ट्रंपेटवाला आणणार. पाचवा! म्हटलं, आणा, म्हणजे नवरी तरी वेळेवर पळून जाईल. हसले नुसते.

३० एप्रिल

दिलवरसिंगला बाजूला घेतलं. "अरे, जरा जोरात फुंक ना. जागा जाईल."

तो म्हणे, "बाई, जोरमा फुकं ते हाऊ आरडस. हळू फुकं ते बोलस."

मी तर जन्मभर आरडतच आले!

१ मे

दोन वराती. दोन्हीकडे तेच.

५ मे

अजून हसू आवरत नाही!

प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी गुजरांचं लग्न. बँड आमचा, वरपक्षाने आणलेला. मला बोलावणं मात्र नवरीकडून, तिच्या मावशीचं, जसोदाबाईचं. वऱ्हाड जेवायला बसलं की नवरीकडच्या बाया त्याला गाण्यातून सोलून काढतात, आणि ती गाणी रचून देते मी! (ह्या भागात माझ्या जिभेपेक्षा धारदार काही नाही, विळे धरून.) वरपक्षाचा तोडगाही ठरलेला — बायांनी तोंड उघडलं की बँडला खूण करायची. पितळेपुढे आमचं काय चालणार! आजवर माझं एकही गाणं पंगतीत पुरतं ऐकू गेलेलं नाही.

आज बाकीचे बँडवाले पंगतीला बसलेले. पहाऱ्याला एकटा दिलवरसिंग. जसोदाबाईने उचललं — "याहीनबाईनं नाक मोठं, तपेलीमा मावस नही!" नवऱ्याचे वडील रूपचंद पाटील, घास गालात, हात हवेत: वाजाड! दिलवरसिंगने पाहिलं — लोक जेवतायत. जेवणाऱ्यांपुढे कसं वाजवायचं हे त्याला सुरतेत पक्कं शिकवलेलं. हळू! आमच्याच चालीत शिरला आणि गाणं खालून अलगद उचलून धरलं. एकेक शब्द सुटा! शेवटच्या पत्रावळीपर्यंत ते नाक जाऊन पोचलं!

रूपचंद उठून उभे. "अरे, तू कोन्हाकडला शे?"

तो बिचारा वाजवतोच आहे. आणि विहीणबाई? पदर तोंडाला लावून गदागदा हसतायत! "बसा हो खाले. म्हना वं बाया, आजून एक म्हना!"

अकरा म्हटली. भात गार झाला, कोणी उठेना.

गाडीतून परतताना हे विचारतात, "लोके काबर हासत व्हतात?" चेहरा कसा, अगदी साळसूद! मी तोंड फिरवलं.

९ मे

तीन गावांहून निरोप! सगळ्यांना "तो हळू बाजा" हवा. खुद्द रूपचंदच्या भावाने मुलाच्या लग्नाला सांगून ठेवलंय. दिलवरसिंगला सांगितलं तर लाजून बाजा पुसत बसला. मी मात्र घरभर नाचले. ह्या वयात!

१२ मे

हे अडून बसले. निरोपांचे कागद समोर ठेवले, वाचले, बाजूला सारले. "बाजा ऐकू येवाले पाहिजे." एकच घोष. विसरवाडीला सांगावा गेलासुद्धा. दिलवरसिंगने गाठोडं बांधलं. उद्या मोलगीची वाट धरणार.

म्हटलं, अख्ख्या तापीकाठाला कळतं ते तुम्हालाच कळत नाही, ही अक्कल कुठून पैदा केली? हसले! जीव जळला माझा. उद्या सकाळी ढोल नाही, ताशा नाही. अंगणात समोर बसवते ह्यांना. बघू!

१३ मे

बसवलं. हातभर अंतरावर. दिलवरसिंगने डोळे मिटून सुरू केलं. शेजारच्या रुखमाबाई जातं थांबवून कुंपणाशी आल्या, तिथेच उभ्या राहिल्या. हे त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "वाजाड ना भो. कव्हय चालू करशी?"

सूर चालूच होता.

मी उठले. ह्यांचा हात धरून बाज्याच्या थरथरत्या पितळेवर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ काढला नाही. मग खाली बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे याले."