बेंबीच्या वर

बाबा, तुमच्या नातीचं लग्न झालं आणि त्या लग्नात मी किल्ट घातला. तुम्ही तिलाही पाहिलं नाहीत आणि किल्टही, म्हणून दोन्ही सांगतो. ती माझी एकुलती एक, इथे लंडनजवळ वॉटफर्डला जन्मलेली. मराठी बोलते, पण लिंगं सगळी उलटीपालटी करते. आणि किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचं चौकड्यांचं लोकरी वस्त्र. कमरेभोवती गुंडाळायचं, पुढून सपाट, मागे चुण्या, खाली गुडघ्यापर्यंत. थोडक्यात परकर. मी फोनवर लेकीपाशी हाच शब्द वापरला, जेव्हा ती म्हणाली की मुलाच्या वडिलांची फार इच्छा आहे, दोन्ही बापांनी लग्नात किल्ट घालावा. "बाबा, मोठ्या माणसांना खूप छान फिट होतो ते. तुम्हाला सूटपेक्षा चांगला दिसेल." मोठ्या म्हणजे कशानं मोठ्या, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण मनात पाल चुकचुकली. या गृहस्थांनी मला तोवर फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं, तेही छातीपर्यंत. त्यांना माझ्या उघड्या पोटऱ्यांशी काय करायचंय? पाहुण्यांना करमणूक हवी असणार. इंग्लंडातून आलेला गरगरीत इंडियन, खाली परकर, पुढे पोट. बायको म्हणाली, "अहो, ते आपलेपणानं बोलावतायत." मी म्हटलं, आपलेपणानं बोलावणारा माणूस आधी जेवायला बोलावतो, कपडे उतरवायला नाही. ती उठून आत गेली. मी लेकीला कळवलं की माझे गुडघे दुखतात. ती म्हणाली, किल्टचा गुडघ्यांशी काही संबंध नाही, तो कमरेवर असतो.

हे संशय घेणं मी तुमच्याकडून शिकलो, बाबा. तक्रार नाही, नुसतं सांगतोय. दिवाळीच्या आधी तुम्ही मला बाजारपेठेतल्या शिंप्याकडे घेऊन गेला होतात. तुमच्या कमरेला टेप लावून तो आकडा मोठ्यानं ओरडला, कापायला बसलेल्या माणसाला ऐकू जावा म्हणून, आणि बाकावरची माणसं हसली. तुम्हीही हसलात, सगळ्यांत जास्त. घरी येताना मात्र माझा हात इतका घट्ट धरला होतात की बोटं दुखली. "माप घेणारा गोड बोलायला लागला," तुम्ही म्हणालात, "की समजायचं, आपल्या पाठीमागे काहीतरी चाललंय." मग एका लग्नात मी दुसऱ्यांदा जिलेबी घ्यायला हात पुढे केला तेव्हा तुम्ही माझं ताट हळूच बाजूला सरकवलंत. "लोक बघतायत." तुम्ही स्वतःही पंगतीत चिमणीएवढं जेवायचात. आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून, सदराही न बदलता, पातेल्यातला गार वरणभात खायचात. आई दिवा लावायला गेली की म्हणायचात, राहू दे.

कॉलेजला निघालो तेव्हा तुम्ही मला चामड्याचा पट्टा दिलात. त्याला खिळ्यानं जादा भोकं तुम्हीच पाडली होती. "पुढे लागतील," म्हणालात. त्याच वर्षी तुम्ही गेलात. भोकं लागली, सगळी लागली. पण पट्टा पोटावर कधी राहिला नाही. इतकी वर्षं पॅन्ट पोटाखाली घसरते, मागून ढुंगणावरून सुटते, मी ती वर ओढतो, आणि वर ओढताना कोणी पाहतंय का ते पाहतो.

अखेर लेकीनं रडून मला तयार केलं. लग्नाच्या पुष्कळ आधी ट्रेननं मी आणि लेक वर स्कॉटलंडला गेलो. स्टर्लिंगच्या पुढचं छोटंसं गाव, स्टेशनवर व्याही उभे. आणि बाबा, ते माझ्याहून वीतभर रुंद होते! कॉलवर हे दिसलंच नव्हतं. त्यांनी मला मिठी मारली तेव्हा आमची पोटं आधी भेटली. मी लगेच दुसरा हिशेब केला: एकट्याचं हसं होऊ नये म्हणून यांनी मला जोडीला घेतलंय.

किल्ट शिवणारीचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. म्हातारी बाई, तोंडात टाचण्या. व्याह्यांनी त्यांचा जुना किल्ट आणला होता, तो कमरेला लावून दाखवत ते मला समजावत होते. "तुमच्या ट्राउझर्सचा आकडा विसरा. तो खोटा असतो, कारण ती पोटाच्या खाली बांधलेली असते. हा इथे, बेंबीच्याही वर. म्हणजे घसरायला जागाच नाही. पोटावरून सरळ खाली पडतो, मांड्यांना मांड्या घासत नाहीत. आणि आपल्यासारख्यांचं पोट पुढची कड वर उचलतं, म्हणून ही पुढून बोटभर लांब ठेवते." ते 'आपल्यासारख्यांचं' असं म्हणाले, ते मला खटकलं. बाईनं टेप लावला. मी श्वास आत घेतला. "सोडा," ती म्हणाली. सोडला. मी आकडा ऐकू येण्याची वाट पाहत राहिलो. तिनं तो फक्त कागदावर लिहिला.

मग ती व्याह्यांच्या जवळ जाऊन काहीतरी पुटपुटली आणि दोघं हसली. अगदी मोकळं, पोट हलवत. माझ्या कानशिलांतून आग निघाली. मी म्हटलं, "हसण्यासारखं काय आहे ते मलाही कळू दे. मी तमाशा म्हणून आलेलो नाही." इंग्रजीत हे मराठीपेक्षा वाईट वाटलं. बाईच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. व्याह्यांचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण मान खाली घालून उभा राहिला. मी कोट उचलून बाहेर आलो.

लेक मागोमाग आली. पाऊस भुरभुरत होता, तिनं छत्रीही उघडली नाही. "बाबा, ते तुमच्यावर नव्हते हसत. ते त्यांचा स्वतःचा गोष्ट होता. त्यांच्या लग्नात त्यांनी किल्ट पोटाच्या खाली बांधला, आणि चर्चमध्ये नीलडाऊन केल्यावर तो सुटला. ही बाई तेव्हा तिथे होती." मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "असेल नाही, आहे. तुम्ही माझ्या बर्थडेला पण असंच करायचे. सगळ्यांसमोर केक नको म्हणायचे. मग रात्री किचनमध्ये, लाइट न लावता, उभं राहून खायचे. मला वाटायचं माझे फ्रेंड्स तुम्हाला आवडत नाही. मी मग पार्टीच बंद केली. तुम्हाला माहीत पण नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ती मोठी झाली म्हणून पार्ट्या बंद झाल्या. माझ्या डोळ्यांसमोर ती नव्हती, बाबा, तुमची पाठ होती, ओट्याकडे वळलेली.

आत गेलो. सॉरी म्हटलं. व्याही म्हणाले, "मला कोणी हसायच्या आधीच मी तो किस्सा सांगून टाकतो. म्हणजे मग ते माझ्याबरोबर हसतात." तेवढंच बोलले आणि आपला किल्ट मला नेसवायला लागले. बाजूचे चामडी पट्टे ओढले, पुढची सपाट बाजू हातानं सारखी केली, पोटाखाली चामड्याची थैली साखळीनं लटकवली. "आता आरशात बघा. आणि चाला." मी आधी आरशाकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं, हसतायत का ते. मग आरशात. पोट होतं. कुठे गेलं नव्हतं. पण ते कशावरून ओघळत नव्हतं. कापड त्याच्यावरून सरळ खाली उतरलं होतं आणि माणूस एकदम उंच वाटत होता. चाललो तर मागच्या चुण्या हलल्या. वर ओढायला हात गेला, पण ओढायला काही नव्हतंच.

लग्न छान झालं. मी गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचा निवडला, त्यांच्या घराण्याच्या ठरलेल्या चौकड्यांचा नको म्हटलं. तेवढा संशय शिल्लक होताच. व्याह्यांची आई, नव्वदीच्या पुढची, व्हीलचेअरमधून म्हणाली, "याच्या पोटऱ्या माझ्या पोरापेक्षा चांगल्या आहेत." मी तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. थट्टा सापडली नाही. मग मी बसून पुडिंग खाल्लं, भर हॉलमध्ये, लेकीच्या शेजारी. तिनं आपल्या ताटातलं अर्धं माझ्या ताटात ढकललं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि कोणाला वाचून दाखवणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. व्याह्यांनी आता थंडीतल्या एका नाचाला बोलावलंय, गावच्या हॉलमध्ये, सगळे किल्टमध्ये. मी बायकोला म्हटलं, परत का बोलावतायत, यात काहीतरी आहे, बघू. तिला अजून सांगितलेलं नाही, पण ट्रेनची तिकिटं मी परवाच काढली आहेत.